मुंबई ते न्यूयॉर्क: किलोमीटर कमी, तास जास्त

रात्री २ वाजता मुंबईहून सुटलेलं थेट विमान हिवाळ्यात त्याच तारखेला सकाळी साडेसातच्या सुमारास न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाला उतरतं. घड्याळात साडेपाच तास, खुर्चीत १६. न्यूयॉर्क तेव्हा आपल्या साडेदहा तास मागे असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ. तिकिटावरची तारीख नीट वाचा. १५ तारखेचं रात्री २ चं विमान म्हणजे १४ ला रात्री जेवून लगेच घर सोडायचं.

सरळ अंतर साधारण १२,५३० किलोमीटर. नकाशावर रेघ पश्चिमेला जाईल असं वाटतं, पण पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट मुंबईहून वायव्येच्याही उत्तरेला वळते आणि नॉर्वे-आइसलँडच्या मध्ये ६४ अंश उत्तर अक्षांशाच्या वर चढते. विमानं तंतोतंत त्या रेघेवरून जात नाहीत. वारा आणि बंद हवाई हद्दी बघून मार्ग ठरतो. जाताना वारा समोरून, येताना पाठीमागून, त्यामुळे परतीला तास-दोन तास कमी लागतात.

मध्ये थांबा घेतला की अंतर फार वाढतं हा गैरसमज. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क ५,५४०. म्हणजे जेमतेम २०० किलोमीटर जास्त. अबुधाबीमार्गे ४००-५०० वाढतात. वेळ खातो तो थांबा, म्हणून तिकीट घेताना एकूण तास बघा. अबुधाबीला अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि न्यूयॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. मात्र ती रांग धरून हाताशी ३ तास हवेत. दोन तुकड्यांची वेगवेगळी तिकिटं काढून पैसे वाचवणं आमच्या मते महागात पडतं: पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही.

न्यूयॉर्कहून पुढे शिकागो वगैरे गाठायचं असेल, तर थेट विमानाने आल्यावर बॅगा सहसा न्यूयॉर्कलाच पट्ट्यावरून उचलून कस्टमपार पुन्हा द्याव्या लागतात, टॅग शेवटच्या गावाचा असला तरी. इथेही ३ तास ठेवा. शेजारच्या न्यू जर्सी राज्यातल्या एडिसनला जाणाऱ्यांनी जेएफकेऐवजी तिथल्याच नेवार्क विमानतळाचं तिकीट बघावं. विमानतळाच्या स्टेशनवरून एनजे ट्रान्झिटची (न्यू जर्सीची लोकल रेल्वे) गाडी मेट्रोपार्क आणि एडिसन स्टेशनला थांबते. जेएफकेहून हेच करायचं तर अख्खं शहर ओलांडावं लागतं.

मसाले, मेतकूट, भाजणी चेक-इन बॅगेत टाका: केबिनमध्ये ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असली की वेगळी तपासणी होते आणि अडकूही शकते. लोणचं, तूपही खालीच. झाकणाला आधी प्लास्टिक, मग चिकटपट्टी. पॉवर बँक मात्र नेहमी हातातल्या बॅगेत. ताजी फळं, बिया, मटण नेऊ नका. कस्टमच्या फॉर्मवर किंवा विचारल्यावर खाऊ आहे असं सांगून टाकावं; सांगितलेला खाऊ फारतर काढून घेतात, लपवणाऱ्याला दंड होतो.