सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती, मागच्या भिंतीसकट

इंग्लंडमध्ये आपली बरीचशी देवळं जुन्या चर्चच्या हॉलमध्ये, नाहीतर बंद पडलेल्या गोदामात सुरू झाली. आमच्या गावातलंही तसंच. एकच मोठी खोली, खाली गालिचा, समोरच्या भिंतीलगत चौथऱ्यावर रांगेने राम-सीता, राधाकृष्ण, अंबामाता, गणपती, बालाजी. लोकांनी पदरमोड करून उभं केलेलं हे देऊळ माझं माहेरच आहे. पण देवांमागे लगेच भिंत, त्यामुळे प्रदक्षिणा जागच्या जागी स्वतःभोवती फिरून घालायची. म्हणून पुण्याला आले की मी सोमवार पेठेत, नागेश्वराजवळ, त्रिशुंड गणपतीला जाते. देऊळ अगदी लहान, पण पायांनी बघायचं.

इंदूरजवळच्या धामपूरच्या भीमगिरजी गोसाव्यांनी १७५४ मध्ये काम सुरू केलं, ते १७७० मध्ये पूर्ण झालं. काळा पाषाण, उंच जोतं. आत शिरण्याआधी दर्शनी भिंतीपाशी थांबा. द्वारपाल आहेत, गजलक्ष्मी आहे, आणि जरा खाली बघितलंत तर साखळदंडाने जखडलेला गेंडा आणि त्याच्याभोवती इंग्रज शिपाई! प्लासीची लढाई १७५७ ची, म्हणजे देवळाचं काम चालू असतानाचीच. जखडलेला गेंडा म्हणजे बंगाल, आणि इंग्रजांनी तो गिळला त्याचं हे चित्र, असा अर्थ अभ्यासक लावतात आणि मला तो पटतो. पुण्यातल्या पाथरवटाच्या छिन्नीपर्यंत ती बातमी पोचली होती. ज्या देशात मी आज राहते तिथले शिपाई आपल्या देवळाच्या दारात बघताना दर वेळी पाऊल अडतं.

मग सभामंडप, अंतराळ म्हणजे मंडप आणि गाभाऱ्यामधली छोटी जागा, आणि गाभारा. गाभाऱ्याच्या भिंतीवर तीन शिलालेख आहेत, दोन संस्कृत आणि एक फारसी. पेशव्यांच्या पुण्यात गणपतीच्या गाभाऱ्यापाशी फारसी अक्षरं कोरली गेली, याचं तेव्हा कुणाला वावडं नव्हतं. मूर्ती मोरावर बसलेली, सहा हातांची, तीन सोंडांची. उजवी सोंड मोदकाला लागलेली, मधली पोटावर, आणि डावी मांडीवर बसलेल्या शक्तीच्या हनुवटीला. ती डावी सोंड नीट बघा. इतका लाघवी गणपती मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

बहुतेक जण इथून हात जोडून मागे फिरतात. मावशीने पहिल्यांदा नेलं तेव्हा बजावलं होतं, "समोरून नमस्कार करून पळू नकोस गं, मागून फिरून ये." मागच्या भिंतीवर लिंगोद्भव आहे. शिवाच्या अग्निस्तंभाचा अंत शोधायला ब्रह्मा हंस होऊन वर गेला, विष्णू वराह होऊन खाली गेला आणि दोघांनाही थांग लागला नाही, ती कथा. गणपतीच्या देवळाला पाठीशी शिव, कारण मुळात इथे शिवमंदिरच बांधायचं होतं, असं मानतात. हे कळतं ते प्रदक्षिणा घातली तरच.

खाली तळघर आहे आणि त्यात गोसाव्यांची समाधी. एरवी तिथे पाणी साठलेलं असतं. गुरुपौर्णिमेला ते उपसून समाधी दर्शनाला खुली करतात. हे देऊळ मठही होतं, ते त्या दिवशी खरं समजतं. माझी सुट्टी बहुधा डिसेंबरात पडते, त्यामुळे तो योग अजून आलेला नाही. तुम्ही पुण्यातच आहात, तर यंदाच्या गुरुपौर्णिमेला सकाळीच जा. आणि माझ्यासाठी त्या गेंड्याचा एक चांगला फोटो पाठवा, उजेड समोरून असताना काढलेला; मला तो आमच्या देवळातल्या बालवर्गाच्या मुलांना दाखवायचा आहे.