ग्लासच्या बुडावरचं वय

फ्रान्सच्या सरकारी शाळेत इंग्रजीची असिस्टंट म्हणून आलं, की ऑक्टोबर ते एप्रिल आठवड्याला फक्त बारा तास काम. बाबांनी फोनवर विचारलंच, "मग उरलेला वेळ काय माशा मारतेस?" माशा नाही, मी जेवते. मोंतार्जी या आमच्या लहानशा गावात दुपारच्या जेवणाला दीड तास लागतो आणि त्या दीड तासाला हात लावायची कुणाची टाप नाही.

आता बसायचं कुठे? असिस्टंट धड शिक्षक नाही, धड विद्यार्थी नाही. शिक्षकांच्या टेबलावर निवृत्तीचं वय 64 पर्यंत वाढवण्याच्या 2023 च्या कायद्याचा राग अजून शमलेला नाही. त्यात तेविशीतल्या मुलीने काय भर घालायची? मग एके दिवशी ट्रे उचलून सरळ पोरांत जाऊन बसले. अकरा-बारा वर्षांची पोरं. वर्गात "व्हॉट्स युअर नेम?" विचारलं तरी बुटांकडे बघणारी.

बसल्या बसल्या सगळ्यांनी रिकामे ग्लास उलटे केले. ड्युरालेक्स कंपनीच्या जाड काचेच्या ग्लासांच्या बुडाशी एक आकडा असतो. असतो साच्याचा नंबर, पण पोरांच्या लेखी ते ज्याचं त्याचं वय. एकाचं 4, एकीचं 31, माझं 9. सगळ्यात लहान निघेल त्याने पाण्याचा जग भरून आणायचा, हा या टेबलाचा कायदा. पलीकडच्या टेबलावर म्हणे म्हाताऱ्याला पाठवतात. फ्रान्समधल्या पिढ्यान् पिढ्यांनी शाळेत हा खेळ खेळलाय. मुख्याध्यापिकाबाईही ग्लास हातात आला की हळूच तळ बघतात, मी पाहिलंय.

हे ग्लास इथून तासाभरावर, ओर्लेआँजवळ बनतात. कंपनी 1945 सालची. डबघाईला आली, तेव्हा 2024 मध्ये कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. हे ऐकून माझ्यातली सांगलीकर जागी झाली. म्हटलं, आमच्याकडे साखर कारखाने असेच सहकारी असतात. पुढे निवडणुकांचं काय होतं, ते मात्र सांगितलं नाही.

तर पाणी आलं आणि मी सवयीने ग्लास ओठांना न लावता वरून प्यायले. टेबल एकदम चिडीचूप. मग "अगेन! अगेन!" अरे, येतं की यांना इंग्रजी! पुढची दहा मिनिटं "हेड अप", "स्लोली", "डोन्ट ब्रीद" असा धडा चालला. 4 वर्षांच्या गृहस्थांनी अर्धा ग्लास शर्टावर ओतून घेतला आणि देखरेखीच्या ताईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी निमूट गाजराचा कीस खाऊ लागले.

2019 पासून इथल्या शाळांना आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण द्यावंच लागतं. एरवी माझी भिस्त अंडी, चीज आणि पावावर. त्या एका दिवशी बऱ्याचदा 'दाल' असते: मसुराची, नारळाच्या दुधातली, पिवळी, आणि बिनफोडणीची. सगळं टेबल माझ्या तोंडाकडे बघत बसतं. स्वयंपाकीणकाकू तर खिडकीतून मान बाहेर काढून विचारतात, "मग? कशी झालीये?" एकदा धीर करून फोडणीचा विषय काढला. दिजाँच्या मोहरीवर जीव टाकणाऱ्या या देशात मोहरीचे दाणे आमच्या सुपरमार्केटात मिळत नाहीत, बाटलीतला लगदा तेवढा मिळतो. म्हणून आईने दिलेल्या मोहरी-जिऱ्याची एक पुडी काकूंना दिली. शाळेत बाहेरचा जिन्नस चालत नाही, स्वच्छतेचे नियम कडक. तेव्हा त्यांनी घरी करून पाहिलं. मोहरी तडतडली, धूर झाला, छतावरचा अलार्म कोकलला आणि शेजारचे आजोबा पायजम्यावर धावत आले.

त्यांनाही वाढलं म्हणे. आता आजोबांसाठी वेगळी पुडी मागवली आहे.