उतरायचं बडनेऱ्याला

माझं माहेर बडनेऱ्याची जुनी वस्ती. सासर यवतमाळ रोडवर, तिथून वीसेक किलोमीटर, कापूस-तूर-सोयाबीनचं गाव. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. तरी अजून कोणी माहेर विचारलं आणि मी बडनेरा म्हटलं, की समोरची बाई म्हणते, "म्हंजे अमरावतीच न!" आधी मी वाद घालायची. आता चहा टाकते.

वादाला कारण आहे. मुंबई-हावडा लाइनवरच्या बहुतेक गाड्या अमरावतीला जातच नाहीत. येतात त्या बडनेऱ्याला. अमरावती तिथून दहाएक किलोमीटर आत, फाट्याच्या लाइनवर. पूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार मिर्झापूरच्या गंगेपर्यंत जायचा. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे कंपनीची लाइन नागपूरला पोचली आणि बैलांची ती वाट मोडली. गठाणी बडनेऱ्याच्या यार्डात यायला लागल्या. बाजारपेठ अमरावतीची आणि धूर, शिट्ट्या, माणसांची चढउतर आमच्याकडे. स्टेशनाबाहेर आजही ऑटोवाले "अमरावती, अमरावती" ओरडत असतात. बडनेऱ्याच्या मातीत उभं राहून बडनेऱ्याची हाक कोणी देत नाही. नाव उरलं ते फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर.

तसं गाव जुनंच. जुन्या गॅझेटियरमध्ये त्याला 'बडनेरा बीबी' म्हटलं आहे. अहमदनगरची शाहजादी वऱ्हाडच्या इमादशाही घराण्यात दिली तेव्हा हे गाव तिच्या आंदणात आलं, म्हणून. मला हे कळलं ते पन्नाशीनंतर. शाळेत शिकवलं असतं तर तेव्हाच मिरवलं असतं की आमचं गाव एका लेकीच्या नावाचं आहे.

रुळांच्या एका अंगाला जुनी वस्ती, दुसऱ्या अंगाला नवी वस्ती. आमचं कवेलूचं घर, पुढे सपरी, मागे सांदवाडीत शेवग्याचं झाड. शाळा नव्या वस्तीत. मालगाडी उभी असली की आम्ही पोरी दप्तर आधी पलीकडे फेकायचो आणि डब्याखालून वाकून निघायचो. एकदा मी मधोमध असताना गाडीनं झटका दिला. फक्त एक झटका, गाडी हलली नाही. पण शेजारच्या काकांनी पाहिलं आणि संध्याकाळी बाबांच्या कानावर घातलं. बाबांनी आयुष्यात मला एकदाच मारलं, ते त्या दिवशी.

बाबा विजय मिलमध्ये, सूतकताईच्या खात्यात. पाळीवरून आले की भुवयांवर कापसाची बारीक लव असायची. आई त्यांना आधी सपरीत उभं करून टॉवेलनं झटकायची, मग आत घ्यायची. घरात घड्याळ होतं, पण पाहायचं कोणी नाही. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला डबा. बाबा रीतसर रिटायर झाले, मिल त्यानंतर कधीतरी बंद पडली. भोंगा थांबल्यावर आई कितीतरी दिवस म्हणायची, "आज भोंगा नाई झाला का वो?"

१५ ऑगस्ट १९८३ ला अमरावती महानगरपालिका झाली आणि बडनेऱ्याची नगरपालिका तिच्यात गेली. मी तेव्हा सतरा वर्षांची. सपरीत गप्पा चालल्या होत्या, आता आपण शहरात आलो म्हणून. बाबा म्हणाले, "टॅक्स तेवढा वाढन. नळ तसाच राहीन."

त्याच वर्षी राम मेघे इंजिनीअरिंग कॉलेज सुरू झालं. मला विचाराल तर बडनेऱ्याचा चेहरा महानगरपालिकेपेक्षा या कॉलेजनं जास्त बदलला. अकोल्याची, यवतमाळची, कुठकुठली पोरं खोल्या शोधत जुन्या वस्तीत फिरायला लागली. ज्यांच्या गोठ्यात म्हशी होत्या त्यांनी म्हशी विकल्या, गोठ्याला चुना मारला, बल्ब लावला आणि खोली म्हणून भाड्यानं दिली. पोरांना वास यायचा, पण भाडं कमी होतं. आईनं चार डबे सुरू केले, वर्षभरात अकरा झाले. एका पोरानं "मावशी, चपाती जरा पातळ करा" म्हटलं, तेव्हा तिला राग पातळपणाचा आला नाही, चपाती या शब्दाचा आला. "पोई म्हणते तिले," एवढंच बोलली आणि दुसऱ्या दिवसापासून पोळ्या आणखी जाड केल्या. माझ्या लग्नातली पैठणी त्या डब्यांच्या पैशांची आहे.

लग्न होऊन इकडे आले आणि गंमत कळली. अमरावतीच्या माझ्या मामेबहिणी बडनेऱ्याला 'गाव' म्हणायच्या, नाक किंचित वर करून. इथे सासरी बडनेरा म्हणजे शहर! मामाजी, म्हणजे माझे सासरे, कापूस तिकडेच न्यायचे. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी होती, म्हणजे विकायचा तो सरकारलाच. केंद्रावर बैलबंड्यांची रांग लागायची. दोन-दोन रात्री बंडीखाली घोंगडी टाकून झोपायचं, बैलांचा कडबा घरूनच न्यायचा, आणि नंबर लागला की ग्रेडर मूठभर कापूस चिमटीत ओढून पाहणार. त्या दोन बोटांवर आमच्या घराचं वर्ष ठरायचं. चुकारे, म्हणजे कापसाचे पैसे, कधी मिळायचे ते वेगळंच. आमचे हे तेव्हा लहान होते, बापाबरोबर बंडीवर जायचे. त्यांना रांग आठवत नाही, ग्रेडर आठवत नाही. आठवतो स्टेशनाजवळ खाल्लेला गिला वडा. मी जुन्या वस्तीत त्याच वेळी कुठेतरी लगोरी खेळत असणार.

आता बंड्या नाहीत. एकाधिकारही गेला. गावातला कापूस पिकअपमध्ये भरून व्यापारी घेऊन जातो. माहेरचं कवेलूचं घर दादानं पाडलं, तीन मजले चढवले, खालचे दोन भाड्यानं. शेवगा मात्र वहिनीनं तोडू दिला नाही. कॉलमची जागा त्याच्यासाठी दोन फूट सरकवली.

शहर आता नुसत्या बडनेऱ्यावर थांबत नाही. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तासांत टाकून विक्रम केला, तेव्हा गावातली पोरं रात्री मोटरसायकली काढून पाहायला गेली होती. समृद्धी महामार्ग आमच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातूनच गेला. आणि बेलोऱ्याच्या विमानतळाची धावपट्टी लांबवायची म्हणून आमचा यवतमाळ रोडच वळवला. इतकी वर्षं मी ज्या सरळ रस्त्यानं माहेरी गेले तो आता वळसा घालून जातो. पहिल्यांदा त्या वळणावर मला आपण चुकलो असंच वाटलं. कंडक्टरला विचारलंसुद्धा. तो हसला.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना लेआऊटच्या पाट्या आहेत. शेतात चुन्याच्या रेघा, गिट्टीचा रस्ता, मधोमध एक कोरडी कमान. पाटीवर 'अमरावती विमानतळापासून पाच मिनिटं'. आमच्या बांधापर्यंतही एकजण येऊन गेला. त्यानं भाव सांगितला तो ऐकून हे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी तूर फवारायला निघून गेले. माझा मुलगा पुण्यात आहे, त्याला जमीन विकावी वाटते. मला काय वाटतं ते मला कोणी विचारलेलं नाही, आणि खरं म्हणजे माझंही दिवसागणिक बदलतं. विहिरीला पाणी असलं की ठेवावी वाटते.

१६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. पुढे काही दिवसांनी दादाचा मुलगा त्या विमानानं आला. उतरल्या उतरल्या मला फोन.

"आत्या, पोचलो वो अमरावतीले!"

"अमरावतीले कुठं पोचला तू? बेलोऱ्याले उतरला. आता बडनेऱ्याले जाशीन."

"तेच ते न वो."

म्हटलं, ये जेवायला, वांग्याची भाजी केली आहे. रस्ता वळवला आहे, कमानीजवळ चुकू नको.