सालामांका: युरोपवर रुसलेल्या कुलगुरूंच्या घरी

स्पेनमधल्या सालामांका या विद्यापीठाच्या गावी येणारा प्रत्येक जण विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर कोरलेला, कवटीवर बसलेला बेडूक शोधत मान मोडून घेतो. मला मात्र शेजारच्या घरात जायचं होतं. लिब्रेरोस रस्त्यावरचं हे कुलगुरूंचं जुनं निवासस्थान. स्पॅनिश लेखक आणि तत्त्वचिंतक मिगेल दे उनामुनो १९०० साली कुलगुरू झाले आणि १९१४ मध्ये पदावरून काढले जाईपर्यंत इथेच राहिले. आता ते संग्रहालय आहे.

१८९८ च्या अमेरिकेबरोबरच्या युद्धात क्यूबा आणि फिलिपिन्स हातचे गेले आणि स्पेनमध्ये एकच प्रश्न घुमू लागला: आपण मागे का पडलो? 'युरोपसारखे व्हा' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. उनामुनोही आधी त्याच मताचे होते, पण १९०६ पर्यंत पार उलटले. शोध लावू देत की त्या युरोपवाल्यांना, विजेचा दिवा जिथे जन्मला तिथे जसा उजेड देतो तसाच इथेही देतो, असं त्यांनी लिहिलं. त्यांच्या घरात विजेच्या दिव्याखाली उभं राहून हे आठवलं आणि हसू आलं. युक्तिवाद चलाख आहे. पण दिव्याचं बिल कोण भरणार, हे त्यात येत नाही.

१९०९ मध्ये त्यांनी युरोपवर भाळलेल्यांना जाहीरपणे भोळसट ठरवलं. एकाच देशाला बुद्धिवादी फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त आणि स्पॅनिश संत कवी हुआन दे ला क्रूस दोघेही मिळणं शक्य नसेल, तर आपण हुआनला निवडू, असंही म्हणाले. त्यांच्याहून १९ वर्षांनी लहान, जर्मनीत शिकून आलेले स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत भडकले. पुढच्याच वर्षी बिल्बाओत, म्हणजे उनामुनोंच्याच जन्मगावी, ओर्तेगांनी व्याख्यानात सांगितलं: स्पेन हा प्रश्न आहे, युरोप हे उत्तर.

वाद वाचताना मी नेहमी ओर्तेगांच्या बाजूने असतो. पण या घरात फिरताना पारडं थोडं हललं. हा माणूस ग्रीकचा प्राध्यापक. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्द मुळातून वाचायचा म्हणून डॅनिश शिकलेला. युरोपच्या नावाने बोटं मोडणाऱ्या या गृहस्थाइतका युरोप त्या काळच्या किती युरोपवाद्यांनी वाचला असेल? त्यांची चीड पुस्तकांवर नव्हती, नकलेवर होती. स्पेनचं युरोपीकरण करण्यापेक्षा युरोपचंच स्पॅनिशीकरण करू, ही त्यांची भाषा आज फुशारकीची वाटते. मला तरी वाटते. तरीही 'एकत्र यायचं, पण कोणाच्या साच्यात?' हा त्यातला प्रश्न अजून शिळा झालेला नाही.

बाहेर पडलो तर गल्लीभर इरॅस्मसवाले, म्हणजे युरोपच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून आलेले विद्यार्थी: इटालियन, जर्मन, फ्रेंच, सगळे मोडक्या स्पॅनिशमध्ये भांडत, हसत. युरोपचं स्पॅनिशीकरण निदान या गल्लीपुरतं तरी झालं म्हणायचं! २००२ साली याच गावाला बेल्जियममधल्या ब्रुजसोबत 'युरोपची सांस्कृतिक राजधानी' हा मानही मिळाला होता.

संध्याकाळी प्लासा मायोर या मुख्य चौकातल्या नोव्हेल्टी कॅफेत गेलो. १९०५ पासूनचा हा कॅफे, उनामुनोंचाही अड्डा. ओर्नासो हा मांस भरलेला, इथला खास पाव खाताना २००५ चं सार्वमत आठवलं. युरोपीय संघासाठी मांडलेल्या राज्यघटनेला स्पेनने सुमारे ७७ टक्के 'हो' दिला; मतदानाला आले होते मात्र जेमतेम ४२ टक्के लोक. उनामुनोंनी त्या घरी बसलेल्यांवर नक्की एक जळजळीत लेख लिहिला असता, आणि ओर्तेगांनी त्याला उत्तर.