शिनों प्यायची तर आधी गार करा

रेड वाईन म्हणजे रूम टेंपरेचरलाच प्यायची हे कुणी आपल्या डोक्यात भरवलंय देव जाणे, पण त्यापायी मी माझी पहिली शिनों, म्हणजे फ्रान्सच्या लुआर नदीच्या खोऱ्यातली रेड वाईन, जवळजवळ वाया घालवली होती. जुलै महिना, शिनों गावात व्हिएन नदीच्या काठी बसलेलो, रणरणतं ऊन, आणि बाटली टेबलावर तशीच तापत पडलेली. पहिल्या घोटाला नाकात नुसतं अल्कोहोल आणि मागून कडसर, तुरट काहीतरी. म्हटलं हीच का ती? बायकोने काही न बोलता बर्फाची बादली मागवली, बाटली त्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवली, आणि मग जी ओतली ती वेगळीच वाईन होती हो!

आधी रासबेरी, आंबट चेरी. त्याच्या मागोमाग नुकतंच टोक केलेल्या पेन्सिलीचा वास, शार्पनरमधून निघालेली ती गोल साल नाकाशी धरल्यासारखा. आणि मग ढोबळी मिरची. हो, हिरवीगार, आत्ता चिरलेली. ही काय भानगड तर या द्राक्षात, काबर्ने फ्रांमध्ये, पायराझिन प्रकारातलं एक द्रव्य असतं आणि ढोबळी मिरचीलाही तिचा वास त्याच्यामुळेच येतो. द्राक्षं जेवढी ऊन खाऊन पिकतात तेवढं ते कमी होत जातं, त्यामुळे थंड वर्षाच्या बाटलीत मिरची ठसठशीत आणि कडक उन्हाळ्याच्या बाटलीत जवळजवळ गायब. काही लोक याला दोष म्हणतात. मला उलट ती नसली की चुकल्यासारखं वाटतं.

तिकडे या द्राक्षाला ब्रतों म्हणतात. नियमाने फक्त १० टक्क्यांपर्यंत काबर्ने सोव्हिन्यों हे दुसरं द्राक्ष मिसळता येतं, पण बरेच जण तेही घालत नाहीत. नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या जमिनीतली शिनों हलकी, लवकर पिऊन टाकायची. वर उतारावर तुफो नावाचा मऊ चुनखडी दगड आहे, त्याच्यावरची दाट असते, टॅनिन, म्हणजे तोंडाला तुरटपणा आणणारं द्रव्य, चांगलं लागतं, दहा वर्षं आरामात ठेवा. लुआरकाठचे ते पांढरे महाल याच दगडाचे, आणि तो खणून काढल्यावर ज्या गुहा उरल्या त्यात आता वाईनची पिंपं, आत बाराही महिने गारवा.

आता खायचं काय. बकरीच्या दुधाच्या चीजबरोबर व्हाईट वाईनच हवी असं मलाही वाटायचं. पण त्याच भागातलं सँत-मोर द तुरेन घ्या, लांबट ओंडक्यासारखं, वरून राखाडी, आणि मधून आरपार एक गव्हाची नाहीतर राय नावाच्या धान्याची काडी गेलेली, चीज मोडू नये म्हणून. त्या काडीवर कुणी बनवलं त्याची खूणही कोरलेली असते, मी ती ओढून काढून वाचत बसलो होतो! त्या चीजचा आंबटपणा आणि गार शिनोंचा आंबटपणा एकमेकांना असे भेटतात की चीज आणखी मऊ लागतं.

रियेत म्हणजे डुकराचं मांस त्याच्याच चरबीत तासन्‌तास शिजवून तंतू सुटेपर्यंत मोडलेलं. गरम फुए पावाच्या पोटात ते भरायचं आणि वर हलकी शिनों, चरबी जिभेवरून पुसून निघते. तुफोवरची जुनी बाटली असेल तर भाजलेलं कोकरू नाहीतर शिकारीचं मांस. आणि रेड वाईनबरोबर मासा नको म्हणणाऱ्यांसाठी मातलोत, नदीतला वाम चक्क रेड वाईनमध्ये शिजवतात, मग ग्लासातही तीच. ब्लू चीज मात्र माझ्या मते नकोच, त्याचा खारटपणा टॅनिनला कडू करून टाकतो.

हलकी असेल तर १४ डिग्री, जुनी असेल तर १६-१७. थर्मामीटर नसेल तर बाटलीला हात लावून पहा, गार लागली पण बोटं आखडली नाहीत की उघडायची.