गझनी, पन्हाळा, पर्थ: एका शिपायाच्या मागावर

पर्थमध्ये सेंट जॉर्जेस टेरेसच्या वरच्या टोकाला लाल विटांची एक कमान उभी आहे. तिच्यामागे फ्रीवे आणि पलीकडे संसदेची इमारत, बाकी काही नाही. 1860 च्या दशकात इथं पेन्शनर गार्डांची बराक होती. 1966 साली ती पाडली. लोकांनी विरोध केला म्हणून कमान तेवढी वाचली. माझ्या नवऱ्याचे खापरपणजोबा या गार्डांपैकी एक होते, आणि त्यांचाच माग काढत आम्ही लेकीला घेऊन मेलबर्नहून आलो होतो.

पेन्शनर गार्ड म्हणजे ब्रिटिश फौजेतून पेन्शनीत निघालेले शिपाई. 1850 साली पर्थजवळच्या फ्रीमँटल बंदराला कैद्यांचं पहिलं जहाज लागलं, शेवटचं 1868 मध्ये. तेवढ्या काळात जवळजवळ 10 हजार कैदी पश्चिम ऑस्ट्रेलियात आणले गेले. वाटेत त्यांच्यावर पहारा ठेवायला हे शिपाई. बायकामुलांसकट प्रवास फुकट, पोचल्यावर काही महिने काम, आणि 7 वर्षं पाय रोवून राहिलं तर जमिनीचा तुकडा मालकीचा. बटाट्याच्या दुष्काळानं आयर्लंडमधली गावंच्या गावं ओस पडली होती. कॉर्ककडच्या एका भूमिहीन मजुराच्या पोराला यापेक्षा मोठं आमिष कुठलं असणार!

राज्य ग्रंथालयातल्या बॅटी लायब्ररीत गार्डांच्या नोंदी पाहिल्या. लंडनहून मागवलेली खापरपणजोबांच्या निवृत्तीच्या कागदाची प्रत मी सोबत ठेवली होती. उंची 5 फूट 6 इंच, डोळे घारे, वर्तणूक चांगली, सांधे धरल्यामुळे नोकरीस नालायक. अफगाणिस्तानातल्या 1839 च्या गझनीच्या लढाईचं पदक. सहीच्या जागी नुसती फुली, तीही थरथरत्या हातानं काढलेली; एक रेघ चौकटीबाहेर गेलेली. पलटण: सेकंड क्वीन्स रॉयल.

या पलटणीचा जन्मच मुंबईशी बांधलेला आहे. पोर्तुगालच्या राजकन्येच्या हुंड्यात इंग्लंडच्या राजाला मुंबई मिळाली, तसं आफ्रिकेतलं टँजियरही मिळालं. त्या टँजियरच्या बंदोबस्तासाठी 1661 साली ही पलटण उभी केली. पुढं ती पुण्यात राहिली, तिथून अफगाणिस्तानात गेली, परत आली. आणि 1844 च्या हिवाळ्यात ती होती पन्हाळ्याच्या पायथ्याशी.

मी कोल्हापूरची. शाळेच्या सहली, पाहुणे आले की फेरी, पावसाळ्यातलं धुकं आणि झुणका-भाकर, पन्हाळा म्हणजे आमच्या घरातलाच. तिथल्या चार दरवाजाच्या पडक्या अवशेषांवर बसून आम्ही चिंचा खाल्ल्यात. तो दरवाजा इंग्रजांनी 1844 मध्ये पाडला हे पाठ होतं. पाडणाऱ्या फौजेतल्या एका शिपायाचं रक्त माझ्या लेकीत आहे, हे पलटणीच्या हजेरीपटानं सांगितलं. त्या तिमाहीत तो पलटणीबरोबरच होता.

गडकऱ्यांचं बंड आपल्याकडं फारसं कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. गडाच्या राखणीबद्दल या लोकांकडं पिढ्यानपिढ्या जमिनी होत्या. इंग्रजांनी कोल्हापूर दरबारात बसवलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या कारभारात त्या मामलेदारांच्या हाताखाली जायला लागल्या, तेव्हा सामानगड उठला. पाठोपाठ इतर गडही. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स यांना बंडवाल्यांनी पकडून पन्हाळ्यावर कोंडलं. 13 ऑक्टोबरला सामानगड पडला, 1 डिसेंबरला तोफांनी तट फोडून पन्हाळा घेतला. गडकऱ्यांची ती जुनी व्यवस्था मोडीत निघाली.

"आई, मग ते आपल्या बाजूचे होते की नव्हते?" लेकीनं ग्रंथालयातच विचारलं. नव्हते, मी म्हटलं. पण आपले आहेत.

दुसऱ्या दिवशी बॅसनडीनला गेलो. स्वान नदीच्या काठी एका पेन्शनर गार्डाचं बुटकं घर जपून ठेवलंय. ते आमच्या माणसाचं नाही, पण त्याचंही असंच असणार. विटांच्या भिंती, लहानशा खोल्या; 6 फुटी नवऱ्यानं आत पाऊल टाकताना आपसूक मान खाली घातली. समोर उतार आणि नदी. ही भूमी इथल्या मूळ रहिवाशांची, वाजुक नूंगर लोकांची. याच नदीकाठी, थोडं वर, 1833 मध्ये त्यांचा योद्धा यागन मारला गेला. त्याचं डोकं कापून इंग्लंडला नेलं. ते परत येऊन स्वान खोऱ्यात पुरलं जायला 2010 उजाडलं. म्हणजे ज्या शिपायानं पन्हाळ्यावर दुसऱ्यांच्या वतनी जमिनी मोडायला बंदूक धरली, त्याला स्वतःची जमीन मिळाली तीही तिसऱ्याचीच. मला त्याचा राग येत नाही. फुलीनं सही करणाऱ्या माणसाला यातलं कितीसं ठाऊक असेल? पण ज्यांनी हे आखलं त्यांचा मात्र येतो.

ईस्ट पर्थच्या जुन्या दफनभूमीतही फिरलो. तिथं हजारो माणसं पुरलीत, दगड थोडेच उरलेत. आमच्या माणसाचा सापडला नाही.

आता पुढचा शोध कोल्हापुरात. पन्हाळ्यानंतर ही पलटण कोकणात उतरून मनोहरगड आणि मनसंतोषगडावर चालून गेली होती, ते दोन्ही गड पाहायचेत. आणि मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या काकांशी फोनवर बोलणं झालंय. सामानगड-पन्हाळ्याच्या गडकऱ्यांच्या जमिनींचे कागद पुरालेखागारात शोधू म्हणालेत.