माऊस कोणाच्या हातात

आजकाल आमच्या तालुक्यात दर आठ-पंधरा दिवसाला कोणीतरी एआय एक्सपर्ट येऊन जातो. कधी कॉलेजात, कधी पंचायत समितीच्या सभागृहात, आणि शिक्षकांच्या ग्रुपवर झूमची लिंक तर पडलेलीच असते. माझं ऑनलाइन सेंटर आहे, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पॅनकार्ड, झेरॉक्स हे सगळं, म्हणून प्रोजेक्टर लावायला मलाच बोलावतात आणि मग मागच्या खुर्चीवर बसून मी पूर्ण ऐकतो. भाषण बहुतेक एकच. जग बदलतंय, मागे राहू नका, गावातल्या पोराच्या खिशात आता जगातला सगळ्यात हुशार मास्तर आहे. टाळ्या, समोसा, सेल्फी.

ऐकून ऐकून बोअर झालं म्हणून हे तंत्रज्ञान आणि शाळा यात खरंच राबलेली माणसं काय म्हणतात ते शोधून वाचायला लागलो, आणि त्यात एक भेटले केंटारो टोयामा. कॉम्प्युटरवाला माणूस, २००५ मध्ये बंगळुरूला मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया सुरू करणाऱ्यांपैकी एक. त्यांची टीम खेड्यातल्या शाळांत गेली तर काय दिसलं, एक कॉम्प्युटर, त्याच्याभोवती दाटीवाटीनं पोरं, आणि माऊस एकाच पोराच्या हातात. बाकीचे नुसते बघे. आता हे आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी स्वतः लहान असताना अनुभवलेलं आहे, माऊस सरपंचाच्या पोराकडंच असायचा, पण त्यावर काही करता येईल असं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. टोयामांच्या टीममधल्या उदय सिंग पवार यांनी एका कॉम्प्युटरला अनेक माऊस जोडले, प्रत्येकाचा स्क्रीनवर वेगळा बाण. एवढंच. महाग काही नाही. गंमत त्याच्या पुढं आहे. शर्यतीसारखा खेळ ठेवला तर पोरं, त्यात मुलगे जास्त, न वाचताच क्लिक करत सुटायचे, आणि सगळ्यांनी एकाच उत्तरावर आल्याशिवाय पुढं सरकायचं नाही असा नियम केला तर पोरं एकमेकांशी बोलायला लागली आणि शिकणंही नीट व्हायला लागलं. म्हणजे माऊस वाढवूनही भागत नाही, खेळ कसा मांडला ते पण बघावं लागतं.

याच लोकांनी आपल्या वारणानगरला पण काम केलं. तिथं १९९८ मध्ये गावोगावी कॉम्प्युटर बसवायची मोठी योजना आली होती, शेतकऱ्याला सगळी दुनिया मिळणार वगैरे. नंतर जाऊन बघितलं तर शेतकरी विचारत होता मुख्यतः आपल्या ऊसाचंच, वजन किती भरलं, हिशोब काय. मग त्यांनी काही गावांत कॉम्प्युटरच्या जागी साध्या मोबाइलवर एसएमएस चालवून बघितला आणि काम स्वस्तात झालं. मला हे वाचून हसूच आलं, कारण माझ्या सेंटरवर दिवसभरात सगळ्यात जास्त विचारलं जाणारं वाक्य म्हणजे "भाऊ, पैसे आले का पाहा ना".

टोयामांचं शेवटी म्हणणं असं की तंत्रज्ञान हे आधीच जे आहे तेच वाढवते. चांगली शाळा असेल तर अजून चांगली होईल, जिथं मास्तरच येत नाही तिथं टॅबलेट कपाटात राहील. मला हे पटते. पेरू देशात तर लाखांनी लॅपटॉप वाटले, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या निकोलस नेग्रोपाँटे यांची ती स्वस्त लॅपटॉपची कल्पना, आणि २०१२ मध्ये ३१९ शाळांचा अभ्यास आला तर गणितात न् भाषेत काही फरक दिसला नाही. त्या कल्पनेच्या मागं सेमूर पेपर्ट होते, पोरांसाठी लोगो ही प्रोग्रामिंगची भाषा बनवणारे, १९६७ ची गोष्ट. त्यांचा मूळ विचार लय चांगला होता राजेहो, पोरगं काहीतरी बनवता बनवता शिकते, त्यानं कॉम्प्युटरला कामाला लावावं. हा विचार ऐकला की मला आमचं वर्धाच आठवते. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी तिथं शिक्षण परिषद भरवली, झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली, हाताच्या कामातून शिक्षण, नई तालीम. पेपर्ट यांनी ते वाचलं होतं असं मी म्हणत नाही. पण शिक्षणावर विचार करणारी माणसं एका काळी आमच्या कापसाच्या मुलखात येऊन बसली होती, नुसतं भाषण करून परत गेली नाहीत, हे सांगायला मला आवडते.

आता माऊसच्या जागी फोन आला, बाकी सीन तोच. गावागावांतल्या पोरांच्या शिक्षणाची पाहणी करणारा असर २०२४ चा सर्व्हे बघा, ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ज्या पोरांना स्मार्टफोन वापरता येतो त्यातल्या ३६ टक्के मुलांकडं स्वतःचा फोन, मुलींमध्ये २७ टक्के. एआय मास्तर खिशात आहे म्हणता, बरोबर, पण खिसा कोणाचा?

आणि चेहऱ्याचं तर विचारूच नका. जॉय बुओलाम्विनी नावाची एमआयटीची विद्यार्थिनी, काळ्या वर्णाची, तिचा चेहरा सॉफ्टवेअर पकडेना, पांढरा मुखवटा लावला तर लगेच पकडला. मग तिनं संशोधक टिमनिट गेब्रू यांच्यासोबत २०१८ मध्ये तीन कंपन्यांच्या सिस्टीम तपासल्या, चेहरा बघून बाई की पुरुष ओळखायचं. गोऱ्या पुरुषांत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्का, सावळ्या-काळ्या बायांमध्ये ३४.७ टक्क्यांपर्यंत. माझ्याकडं निंदणाहून आलेल्या बाया एका योजनेसाठी चेहरा द्यायला बसतात, अॅप फिरत राहते, आणि अंगठा लावायचा म्हटलं तर कापूस वेचून न् खत टाकून बोटाच्या रेषा झिजलेल्या. कारण तेच आहे असं नाही, माझा कॅमेराही भंगार, नेटवर्क तर बोलायलाच नको. पण "मावशी, उजेडात या" म्हणून मी त्यांनाच इकडं तिकडं सरकवतो, अॅपला कोणी सरकवत नाही.

आवडलेलं पण सांगतो. वाधवानी एआय या संस्थेचं कापसासाठीचं अॅप. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाची गोळी ठेवून नर पतंग पकडायच्या सापळ्यात, सापडलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग पांढऱ्या कागदावर ओतायचे, फोटो काढायचा, अॅप मोजते आणि फवारायचं की थांबायचं ते सांगते. सलग तीन रात्री एका सापळ्यात दर रात्री आठ पतंग आले की धोका, हा हिशोब कृषीवाले आधीपासून सांगतातच, पण चुकीची फवारणी काय करते ते २०१७ मध्ये यवतमाळनं पाहिलंय, शेतमजूर विषबाधेनं गेले, म्हणून थांबा म्हणणारं अॅप मला कामाचं वाटते.

शेजारच्या काकाजींना हे सगळं उत्साहानं दाखवलं. त्यांनी व्हिडिओ पूर्ण पाह्यला, फोन परत दिला अन् म्हणाले, "फोटो मी काढतो बाप्पा, पण सापळे कोण आणून देईन? हेक्टरी पाच लागते म्हणते, अन् त्याची ती गोळी सारखी बदला लागते." आमच्या शिवारात सापळे लावणारे आहेतच किती. पुढच्या एक्सपर्टला प्रोजेक्टर लावून देताना काकाजींना पहिल्या रांगेत बसवणार आहे.